भाची निघाली शिआनला

प्रश्न : माझी भाची चीनमध्ये झेंगझोऊला एमबीबीएस करते. हॉस्टेलमधल्या मुली मिळून शनिवार-रविवारी शिआन नावाच्या जुन्या शहरात जाणार आहेत. ती म्हणते, 'मामा, तिथं मातीचं सैन्य आहे.' मातीचे पुतळे बघायला पाचशे किलोमीटर जायचं? दोन दिवसांत ते जमतं का? आमचा मागाचा धंदा आहे. रेशीम मार्ग याच शहरातून निघायचा असं वाचलं, म्हणून विचारतो : त्याचा आमच्या भागाशी काही संबंध होता का? एकूणच त्या शहराचं आणि आपल्या मुलखाचं कधी काही नातं होतं का?
– एक वाचक, कामतघर, भिवंडी

उत्तर : सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात. आपण त्याच्यापासूनच सुरुवात करू. त्याचं उत्तर कळलं, की दोन दिवसांत कुठं किती वेळ द्यायचा हे भाचीला आपलं आपण ठरवता येईल.

शिआनचं आपल्या मुलखाशी नातं काय?

शाळेच्या इतिहासात ह्युएन त्संग वाचलेला आठवत असेल. नव्या पुस्तकांत त्याचं नाव युआन श्वांग असं छापतात. हा बौद्ध भिक्षू भारताकडे निघाला तो शिआनहून. तेव्हा या शहराचं नाव चांगआन होतं आणि ती तांग घराण्याची राजधानी होती. देशाबाहेर जायला बादशहाची बंदी होती. ती मोडून 629 च्या सुमारास तो गुपचूप पश्चिमेला निघाला, वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडून भारतात आला, नालंदेला राहून शिकला, मग दक्षिणेत उतरला आणि 641 च्या आसपास महाराष्ट्रात पोचला. इथं तेव्हा बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. गादीवर दुसरा पुलकेशी होता.

645 मध्ये तो चांगआनला परतला, तेव्हा घोड्यांवर 657 ग्रंथ लादलेले होते. बादशहानं बंदी मोडल्याची शिक्षा केली नाही, पण पाहिलेल्या देशांची सगळी हकिगत लिहून मागितली. ह्युएन त्संग सांगत गेला, त्याचा शिष्य लिहीत गेला, आणि 646 मध्ये बारा भागांचं प्रवासवर्णन याच शहरात पुरं झालं. त्यात 138 देशांची माहिती आहे. त्यातला एक देश महाराष्ट्र.

आपल्याबद्दल त्यानं काय लिहिलं, ते थोडक्यात सांगतो. जमीन सुपीक, हवा उष्ण. माणसं उंच, साधी, प्रामाणिक आणि मानी. उपकार विसरत नाहीत, अपमान तर मुळीच विसरत नाहीत. अडचणीत कुणी हाक मारली तर स्वतःचा विचार न करता धावून जातात. सूड घ्यायचा असेल तर आधी शत्रूला कळवतात आणि मग शस्त्र घेऊन समोरासमोर उभे राहतात. लढाई हरलेल्या सेनापतीला दुसरी शिक्षा नसते, फक्त बायकी कपडे पाठवतात. तो लाजेनंच जीव देतो. युद्धाआधी योद्ध्यांना आणि हत्तींना, दोघांनाही दारू पाजतात. उत्तर भारत जिंकणाऱ्या हर्षवर्धनाला हे लोक मात्र नमवता आले नाहीत, असंही तो नोंदवतो. ह्युएन त्संगनं स्वतः हर्षाचा पाहुणचार घेतला होता. ज्याचं मीठ खाल्लं त्याचाच पराभव तो लिहितो, म्हणून या साक्षीला वजन आहे. 634 सालच्या ऐहोळेच्या शिलालेखात पुलकेशीचा दरबारी कवी रविकीर्ती हर्षाच्या पराभवाबद्दल बोलतो, पण तो पडला घरचा माणूस. बाहेरच्या माणसानं तेच सांगितलं तेव्हा त्याचा पुरावा झाला.

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर डोंगरात कोरलेला एक मोठा विहार आहे आणि त्याच्या दाराशी दगडी हत्ती आहेत, असंही ह्युएन त्संगनं लिहिलं. अभ्यासकांच्या मते हा अजिंठा. सोळाव्या लेण्याकडे चढणाऱ्या पायऱ्यांच्या दोन बाजूंना ते हत्ती आजही उभे आहेत. 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात अजिंठ्याला पोचला आणि जगाला लेणी नव्यानं कळली. चीनमध्ये त्यांची नोंद त्याआधी जवळपास बाराशे वर्षं पडून होती. महाराष्ट्रात शंभरावर विहार होते असं हा भिक्षू सांगतो. तुमच्याच तालुक्यातलं लोणाडचं बौद्ध लेणं पाहिलं, की त्या परंपरेची कल्पना घरबसल्या येते.

शिआनमध्ये ह्युएन त्संगची खूण कुठं सापडेल?

शहराच्या दक्षिण भागात दा-त्सिएन मंदिर आहे आणि त्याच्या आवारात विटांचा सात मजली मनोरा आहे. त्याला मोठा रानहंस मनोरा म्हणतात. भारतातून आणलेले ग्रंथ आणि मूर्ती आगीपासून सुरक्षित राहाव्यात म्हणून ह्युएन त्संगनं बादशहाकडे मागणी करून 652 मध्ये हा बांधून घेतला. बांधकामाच्या वेळी विटा-मातीच्या टोपल्या तो स्वतः वाहत होता, असं त्याच्या शिष्यानं लिहिलेल्या चरित्रात आहे. पहिला मनोरा पाच मजली होता. पुढे आठव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राज्ञी वू हिच्या काळात तो नव्यानं बांधला गेला. 1556 च्या भयंकर भूकंपातही तो टिकला. उंची सुमारे 64 मीटर. आतल्या जिन्यानं वर जाता येतं, त्याचं तिकीट वेगळं असतं. दक्षिणेकडच्या दारात दोन बाजूंना दोन शिला आहेत. ह्युएन त्संगच्या भाषांतरांसाठी बादशहानं आणि युवराजानं लिहिलेले मजकूर त्यांवर 653 मध्ये कोरले गेले. घाईत फोटो काढणारे त्या न बघताच पुढे जातात. भाचीला तिथं थांबायला सांगा.

आयुष्याची शेवटची एकोणीस वर्षं हा माणूस भाषांतरच करत बसला. 664 मध्ये तो वारला तोवर 75 ग्रंथ चिनी भाषेत आले होते. त्यांतल्या कित्येकांची मूळ संस्कृत प्रत भारतात उरली नाही. ते आज चिनी भाषांतरामुळेच ठाऊक आहेत.

ग्रंथांशिवाय आपल्याकडून आणखी काय गेलं?

दोन गोष्टी सांगतो. पहिली साखर. 647 मध्ये तांग बादशहानं मगध देशात माणसं पाठवून उसापासून साखर करण्याची कृती शिकून घेतली, अशी नोंद चिनी राजवृत्तांत आहे. दुसरी गोष्ट गणित. चांगआनच्या सरकारी ज्योतिष खात्याचा प्रमुख एकेकाळी भारतीय वंशाचा होता. त्याचं नाव गौतम सिद्ध. त्यानं 718 मध्ये नवग्रहांवर आधारलेल्या भारतीय पंचांगगणिताचं चिनीत भाषांतर केलं. शून्यासाठी टिंब लिहायची भारतीय रीत आणि ज्या-कोष्टक, म्हणजे त्रिकोणमितीतल्या साइनचं कोष्टक, त्यात आलं. मुलं आज परदेशात शिकायला जातात तसे तेव्हा विद्वान दोन्ही दिशांनी जात होते, आणि काही जण तिकडेच पिढ्यान्‌पिढ्या नोकरी करत होते.

रेशीम मार्ग आणि तुमचा भाग

हा प्रश्न मागावर बसलेल्या माणसानंच विचारावा असा आहे. इ. स. पू. 138 मध्ये हान बादशहा वू यानं चांग छिएन नावाच्या अधिकाऱ्याला चांगआनहून पश्चिमेकडे मित्र शोधायला पाठवलं. वाटेत तो शत्रूच्या हाती सापडला आणि तेरा वर्षांनी परत आला. बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानात, त्याला बाजारात चीनच्याच सिचुआन भागातला बांबू आणि कापड दिसलं. हे कुठून आणलं असं विचारल्यावर व्यापाऱ्यांनी सांगितलं, भारतातून. चीनच्या राजधानीला ज्या वाटेची खबरच नव्हती, त्या वाटेनं कापड आधीच फिरत होतं.

पुढची साक्ष इ. स. च्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथाची. हिंदी महासागरातल्या व्यापारावरची ही एका दर्यावर्दी व्यापाऱ्याची टिपणं आहेत. चीनचं कच्चं रेशीम, रेशमी सूत आणि कापड बॅक्ट्रियामार्गे खुष्कीनं भडोच बंदरात येतं, असं तो लिहितो. त्याच ग्रंथात दुर्गाडीच्या पुलापलीकडचं तुमचं कल्याणही आहे. आधीच्या सातवाहन राजाच्या वेळी ते खुलं बंदर होतं, पण आता तिथं चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी त्याची तक्रार आहे. राजांच्या भांडणात माल वळवला जाण्याची गोष्ट भिवंडीच्या व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको. पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, इथला माल गाड्यांतून भडोचला उतरतो असंही तो सांगतो. तेरच्या मालात साधं सुती कापड होतं आणि तलम मलमलही होतं. म्हणजे चांगआनचं रेशीम आणि दख्खनचं सुती कापड एकाच बंदरात येत होतं.

ही देवघेव पुढेही थांबली नाही. एकोणिसाव्या शतकात येवल्याच्या विणकरांना चिनी रेशीम मुंबईमार्गे मिळत असे. भारत आजही चीनकडून कच्चं रेशीम घेतो, आणि यंत्रमागांच्या गावांत चिनी बनावटीचे रेपिअर माग दिसतात. 'रेशीम मार्ग' हे नाव मात्र जुनं नाही. ते 1877 मध्ये रिश्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञानं रूढ केलं. त्या काळच्या व्यापाऱ्याला फक्त पुढचा मुक्काम आणि तिथला भाव ठाऊक असे.

तांगकालीन चांगआन कसं होतं, तेही मागाच्याच उदाहरणानं सांगतो. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम रस्ते ताण्या-बाण्यासारखे एकमेकांना काटकोनात छेदत होते आणि मधल्या चौकटींत भिंतींनी बंदिस्त अशा शंभरावर वस्त्या होत्या. रात्री नगारा वाजला की वस्त्यांची दारं बंद व्हायची. पश्चिमेच्या बाजारपेठेत इराणी, मध्य आशियातले सोग्दी, तुर्क असे परदेशी व्यापारी बसत. शहराचं क्षेत्रफळ 84 चौरस किलोमीटर होतं. आज शिआनमध्ये जो तट दिसतो तो त्या काळचा नाही. मिंग घराण्यानं 1370 मध्ये त्याचं काम सुरू केलं. त्याचा घेर 13.7 किलोमीटर आहे आणि आतलं शहर तांग राजधानीच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्श्याचं आहे.

मग मातीचं सैन्य पाहावं की नाही?

पाहावं. पुतळे म्हणून त्याची बोळवण करू नका. 1974 च्या मार्चमध्ये दुष्काळामुळे विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडलं. चीन पहिल्यांदा एक करणारा सम्राट छिन शी ह्वांग इ. स. पू. 210 मध्ये मेला; त्याच्या समाधीच्या रक्षणासाठी हे सैन्य पुरलेलं आहे. अंदाज आठ हजार सैनिकांचा आहे, त्यांतले बरेचसे अजून मातीखालीच आहेत. मुद्दामच ठेवले आहेत. मूळ पुतळे रंगवलेले होते आणि हवा लागताच खालचा लाखेचा थर काही मिनिटांत सुटून रंग गळून जातो. खुद्द समाधीचं टेकाडही उघडलेलं नाही. आत पाऱ्याच्या नद्या आहेत असं जुन्या इतिहासकारानं लिहिलं होतं, आणि तिथल्या मातीत पाऱ्याचं प्रमाण खरंच जास्त आढळलं.

तुमच्या धंद्याच्या दृष्टीनं तिथली एक गोष्ट बघण्यासारखी आहे. शरीराचे भाग वेगवेगळे घडवून जोडले आणि चेहऱ्यांचे बारकावे मात्र हातानं केले. पुतळ्यांवर कारागिरांची नावं कोरलेली किंवा छापलेली सापडतात. माल सदोष निघाला तर कुणाचा ते कळावं, हा हिशेब. दोन हजार दोनशे वर्षांपूर्वीची ही कारखानदारी आहे. भाचीला चेहऱ्यांबरोबर ही खुणेची नावंही शोधायला सांगा.

दोन दिवस कसे लावावेत?

झेंगझोऊ ते शिआन जलद रेल्वे 2010 मध्ये सुरू झाली. गाडी साधारण दोन-सव्वादोन तासांत पोचवते. शुक्रवारी संध्याकाळी निघून रात्री मुक्कामाला पोचणं सोयीचं. शनिवारी सकाळी दार उघडताच मातीचं सैन्य बघावं. ते शहराच्या पूर्वेला लिंतोंगमध्ये, पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. लिंतोंगपर्यंत मेट्रोची 9 क्रमांकाची मार्गिका जाते, पुढे बस. येताना ह्वाछिंगचे उष्ण झरे वाटेतच आहेत. दुपारनंतर तटावर चढून भाड्याच्या सायकलनं फेरी मारावी. पुरी फेरी दीड-दोन तासांची. संध्याकाळ 1384 च्या घंटा मनोऱ्यापाशी आणि त्यामागच्या मुस्लिम मोहल्ल्यात घालवावी. तिथली मोठी मशीद आठव्या शतकातली मानतात. आजची बांधणी मुख्यतः मिंगकालीन आहे. तिला घुमट नाही, छपरं आणि अंगणं पूर्ण चिनी धाटणीची आहेत. घुमटाच्या मशिदी पाहिलेल्या मुलीला ती बघताना चौपट मजा येईल.

रविवारची सकाळ पूर्ण रानहंस मनोऱ्याला द्यावी. जवळच शान्शी इतिहास संग्रहालय आहे. तिथं आधी नोंदणी केल्याशिवाय प्रवेश मिळत नाही आणि सुट्टीच्या दिवशी जागा लवकर भरतात. ती नाही मिळाली तर तटाच्या आत दक्षिण दाराजवळ शिलालेखांचं संग्रहालय आहे, तिथं जावं. 1087 पासून जमवलेल्या शिला तिथं आहेत. 781 सालची एक शिला चीनमधल्या ख्रिस्ती धर्माची हकिगत सांगते आणि तिच्यावर चिनीबरोबर सीरियाक लिपीही आहे. दुपारची गाडी पकडली की रात्री हॉस्टेल. वेळ कमी पडला तर झरे गाळावेत, तटावरची सायकल अर्ध्यात सोडावी. मनोरा गाळू नये.

खाणंपिणं आणि कागदपत्रं?

मुस्लिम मोहल्ल्यात डुकराचं मांस नसतं, पण गोमांस आणि मेंढीचं मांस सर्रास असतं. शाकाहारी असेल तर लिआंगपी, म्हणजे थंड, आंबट-तिखट नूडल्सची थाळी, सहसा चालते. तरी मांसाचा रस घातला आहे का ते विचारूनच घ्यावी. रुंद पट्ट्यांच्या ब्यांगब्यांग नूडल्स टोमॅटो-अंड्याबरोबरही मिळतात.

मूळ पासपोर्ट जवळ हवाच. रेल्वेचं तिकीट, संग्रहालयाची नोंदणी आणि हॉटेलची खोली, सगळं त्यावरच मिळतं. हॉटेल पोलिसांकडे नोंद आपोआप करतं. मैत्रिणीच्या घरी उतरल्यास मात्र चोवीस तासांच्या आत पोलीस चौकीत नोंद करावी लागते. कॉलेजला कळवून निघावं. 1 ऑक्टोबरच्या सुट्टीच्या आठवड्यात जाऊ नये, गर्दीत काही दिसत नाही. मोठ्या सुट्टीच्या आगेमागे चीनमध्ये एखादा शनिवार किंवा रविवार कामाचा ठरवतात, तेव्हा कॉलेजचं वेळापत्रक बघूनच तिकीट काढावं.

आपल्यातलं कुणी अलीकडच्या काळात त्या वाटेनं गेलं आहे का?

गेलं आहे, आणि तुमच्या भाचीच्याच पेशातलं. ह्वाछिंगच्या झऱ्यांपाशी डिसेंबर 1936 मध्ये चीनचे तेव्हाचे नेते च्यांग कै-शेक यांना त्यांच्याच सेनापतींनी पकडलं आणि कम्युनिस्टांशी मिळून जपानविरुद्ध लढायला भाग पाडलं. त्या लढ्याच्या मदतीला काँग्रेसनं सप्टेंबर 1938 मध्ये मुंबईहून पाच डॉक्टर पाठवले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. सोलापूरही मागांचंच गाव. हे पथक शिआनमार्गे फेब्रुवारी 1939 मध्ये कम्युनिस्टांच्या तळावर, येनानला पोचलं. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांची समाधी शिजियाझुआंगला आहे, झेंगझोऊहून बीजिंगला जाणाऱ्या रेल्वेवर. भाचीच्या पुढच्या सुट्टीसाठी ती जागा सुचवून ठेवा.

दोन दिवसांत शिआन पाहून होत नाही, पण जाणं वाया जाणार नाही. प्रवासाला होकार द्या. आणि रात्री फोन करताना लक्षात ठेवा, तिचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. तुमचे साडेनऊ म्हणजे तिचे बारा.